भेसळ सिद्ध करणाऱ्यास एक लाख

धुळ्याच्या देवपुरात पाकिटातला काळा मसाला विकायला निघालेल्या माणसाबद्दल लोकांना पहिली शंका मसाल्याची येत नाही, त्या माणसाच्या डोक्याची येते. पांझरेच्या या काठाला मसाला विकत घेत नाहीत, करून आणतात. होळी विझली की बायका पूल ओलांडून पाचकंदीलच्या बाजारात जातात. मिरची हातात घेऊन मोडतात, कानाशी नेऊन बी वाजतं का ऐकतात, आणि दुकानदार ‘नंदुरबारची आहे ताई’ म्हणाला की ‘सगळेच नंदुरबारची म्हणतात’ असं सांगून पुढच्या दुकानात जातात. मग देठ खुडणं, गच्चीवर ऊन दाखवणं, खोबरं, कांदा, धने, तीळ, दगडफूल वेगवेगळं भाजणं. त्या दिवशी अख्खी गल्ली खोकते आणि कोणी तक्रार करत नाही, कारण उद्या गल्लीला खोकवायची पाळी आपली असते.

त्यानंतर कांडप. खरी परीक्षा इथे. डब्यावर नाव कोरलेलं असतं, कांडपवाला सासरच्यांच्या ओळखीचा असतो, तरी बाई यंत्रापासून हलत नाही. ‘माझ्या आधी कोणाचा होता?’ हा पहिला प्रश्न. आधीच्या बाईने लसूण घातला असेल किंवा तिची मिरची फिकी असेल, तर ही आपला नंबर सोडून देते, पण यंत्रात अडकलेला तिचा चमचाभर मसाला आपल्या डब्यात पडू देत नाही. घामाने निथळत, पदर नाकाला लावून, स्वतःच्या मिरचीचा मसाला होईपर्यंत ती तिथे उभी राहते.

अशा बायकांपुढे सीलबंद पाकीट धरून मी ‘विश्वास ठेवा’ म्हणणार होतो.

त्याआधी मी पुण्यात एका कंपनीच्या मार्केटिंग खात्यात होतो. लोकांना साबणाविषयी जिव्हाळा वाटायला लावणं हे माझं काम होतं. निदान पगार त्याचा मिळत होता. नोकरी सुटली (ती मी सोडली असं गावात सांगितलं आहे) आणि वाडीभोकर रोडच्या घरी परत आलो, तेव्हा घरात एकच विकण्याजोगी वस्तू होती, ती म्हणजे आईच्या हातचा मसाला. सुरतेला उधन्यात राहणारी मावशी दर खेपेला त्याचा डबा नेते, आणि डबा परत आणायला विसरते. एवढी मागणी असलेला माल अजून बाजारात कसा नाही, या विचाराने मला झोप येईना.

त्यात २०२० साली केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना काढलेली. कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त दहा लाख. धुळ्याला व्यापाऱ्याला असं गोंजारायची जुनी सवय आहे. १८१९च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जने हे गाव नव्याने वसवायला घेतलं, तेव्हा येऊन राहणाऱ्यांना घरासाठी जागा कायमची बिनभाड्याने दिली, वर पक्की घरं बांधायला पैसे आगाऊ दिले. गावातल्यांना दिले तसे बाहेरून आलेल्या अनोळखी माणसांनाही दिले. मला ब्रिग्ज भेटला नाही. एका कर्ज विभागातले गृहस्थ भेटले, त्यांनी ओळखीची दोन माणसं घेऊन या म्हणून सांगितलं. मी शेजारी गेलो. शेजारी म्हणाले, “तुला ओळखतो ना आम्ही, म्हणूनच नको.”

कर्जाचं पुढे आईच्या भिशीतून भागलं. प्रशिक्षण मात्र फुकट होतं, ते मी मनापासून घेतलं. प्रशिक्षक पडद्यावर एक वाक्य दाखवत म्हणाले, ग्राहक वस्तू विकत घेत नाही, विश्वास विकत घेतो. मी ते वहीत उतरवलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि घरी येऊन आईला वाचून दाखवलं. आई कांदे चिरत होती. “मग मसाला कशाला करायचा?” ती म्हणाली.

आईचं शिक्षण जुन्या पद्धतीचं आहे, असं समजून मी लेबलाच्या कामाला लागलो.

कायद्याने लागतं ते सगळं छापलं: अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, हिरवा ठिपका, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह किंमत, नाव, पत्ता, तक्रारीसाठी फोन नंबर. माझ्या मोबाइलवर मोठ्या गिऱ्हाइकांचे फोन येणार असल्यामुळे तक्रारीसाठी आप्पांचा नंबर दिला. आप्पा म्हणजे माझे वडील. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, दिवसभर मोकळे. त्यांना विचारायचं राहून गेलं.

कायद्याने लागत नाही तेही छापलं, आणि त्याला जागा जास्त लागली. सगळ्यात वर ‘परंपरा १९५२ पासून’. त्या साली आजी लग्न होऊन देवपुरात आली, आणि आल्यावर कधी तरी तिने भाजीला मसाला लावलाच असणार, एवढा माझा पुरावा. समोरच्या ओट्यावर बसणाऱ्या जिभाऊंनी चष्मा पुसून लेबल वाचलं.

“बावन्न साले तुना आजा नाकावर जकातीन्या पावत्या फाडे. मसाला कोन करे?”

मी म्हटलं, आजी.

“तुनी आजी? ती तं आमना घरथून वाटी भरीसन लई जाये.”

इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या शेवटच्या दिवशी याच गावात गेले आणि त्यांचे दफ्तरभर कागद सांभाळायला १९२७ साली इथे संशोधन मंडळ उभं राहिलं. अशा गावात अस्सल साधनाशिवाय सन छापायला मी धजलो, हे धाडसच म्हणायचं. संध्याकाळपर्यंत आमची परंपरा ही मुळात जिभाऊंच्या घरची परंपरा आहे हे नेहरू चौकापर्यंत पोहोचलं. त्या आठवड्यात मसाला मागायला लोक जिभाऊंच्या दारात गेले.

मध्यभागी आजीचा फोटो. आजीचा एकच फोटो घरात आहे, तो भिंतीवरचा, हार घातलेला. लेबल करणाऱ्या मुलाने हार काढला, पण उजव्या खांद्यावर झेंडूची दोन फुलं राहिली. शिवाय त्याच्याकडे चेहऱ्याला हसू आणणारं काही तरी होतं, ते त्याने वापरलं. आईने पाकीट हातात घेतलं आणि खुर्चीवर बसली. “सासूबाई उभ्या जन्मात हसल्या नाहीत,” ती म्हणाली, आणि तिने पाकीट पालथं करून ठेवलं. एका किराणा दुकानदाराने तर माल परत पाठवला. गेलेल्या माणसाचा फोटो असा फळीवर ठेवता येत नाही, ठेवला तर रोज अगरबत्ती लावावी लागेल, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या एकाने अगरबत्तीशेजारीच ठेवला. त्याची हकिकत पुढे येईल.

फोटोखाली ‘आमची कोठेही शाखा नाही’. हे वाक्य महाराष्ट्रातल्या सगळ्या नावाजलेल्या दुकानांवर असतं, म्हणून घेतलं. पहिल्याच दिवशी एका बाईने वाचलं आणि काळजीने विचारलं, “हीच चालेल ना पण?”

आणि सगळ्यात खाली, माझ्या मते लेबलाचा कळस: ‘भेसळ सिद्ध करणाऱ्यास १,००,००० रुपये बक्षीस!’

या वाक्यानेच आमचा धंदा गावभर झाला, फक्त मला हव्या त्या दिशेने नाही. एक निवृत्त बँकवाले काका सकाळी फिरायला निघाले की फाटकाशी थांबायचे आणि विचारायचे, “रोख देणार की चेक?” जिभाऊंचं म्हणणं थोडक्यात, “पहिले पैसा दखाड.” बायकोने रात्री दिवा मालवता मालवता सांगितलं की आपल्या दोघांच्या खात्यांत मिळून तेवढे नाहीत. एक शाळूसोबती मात्र खरा व्यवहारी निघाला. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “मी भेसळ सिद्ध करतो. अर्धे अर्धे.”

हे मी निभावून नेलं असतं. पण त्याच मजकुराचा मी फ्लेक्स केला. दारावर जागा अरुंद, त्यामुळे अक्षरं उभी मांडावी लागली. छपाईवाल्याने महत्त्वाचे शब्द मोठे केले आणि बाकीचे बारीक. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल असं त्यावर एवढंच होतं: ‘खान्देशी काळा मसाला’, त्याखाली लाल अक्षरांत ‘भेसळ’, आणि त्याखाली ‘१,००,०००’. स्कूटरवरून जाणारी माणसं वेग कमी करून बघत. काहींनी फोटो काढले. मला वाटलं, चर्चा होते आहे, चर्चा चांगली.

विश्वासाचं मूळ शिकायचं तर जळगावला जावं, असं मग मी ठरवलं. पारोळा, एरंडोल करत नव्वदेक किलोमीटर. सोनं घ्यायचं तर जळगावला, ही आमच्याकडची जुनी रीत. लोक लांबलांबून लग्नाची खरेदी करायला तिथे उतरतात. हॉलमार्क देशात आला २००० साली, सक्तीचा झाला २०२१च्या जूनमध्ये, आणि आता दागिन्यावर सहा अक्षरं-आकड्यांची ओळख कोरलेली असते. जळगावच्या सराफ बाजाराचं नाव त्याच्या कितीतरी आधीचं. मी एका पेढीत गिऱ्हाईक म्हणून बसलो आणि बारकाईने पाहिलं. काटा काचेच्या पेटीत होता. तोलताना पंखा बंद केला. काट्याचा आकडा गिऱ्हाइकाकडे वळवला. मजुरी वेगळी लिहून दाखवली. शेजारच्या गादीवर एक म्हातारी खेडूत बाई पाटल्या मोडायला आली होती. तिलाही चहा आला, तिचंही सोनं तिच्यासमोर तपासलं, आणि घट का धरली ते तिला कळेपर्यंत मुनीम तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिला. नवा हार घ्यायला आलेलं कुटुंब तोवर थांबलं होतं.

यातलं मी वहीत काय लिहिलं? काटा, काचेची पेटी, पंखा.

परत आल्यावर सराफी काटा आणला. मार्च संपायच्या आत आमच्याकडे पंख्याशिवाय बसणं ही शिक्षा असते, आणि बंद खोलीत काळ्या मसाल्याचा उघडा डबा ही दुसरी. मी दार लोटायचो, पंखा बंद करायचो, आणि पाव किलो मसाला हरभऱ्याएवढ्या चिमटीने वर-खाली करत मिलिग्रॅमपर्यंत जुळवायचो. समोरची बाई शिंकायची, मी शिंकायचो, माझ्या शिंकेने काटा हलायचा आणि मोजणी पहिल्यापासून सुरू व्हायची. एक ताई शेवटी म्हणाल्या, “भाऊ, मसाला राहू द्या. पंखा लावा.”

चैत्री पौर्णिमेला एकवीरादेवीची यात्रा भरते. मंदिर आमच्याच काठावर. कितीतरी घराण्यांची ती कुलदेवता. लोक नवस फेडायला, पोरांचं जाऊळ काढायला येतात. पाळणे, भांडी, खेळणी, रसवंत्या, आणि या सगळ्यात माझी एक टेबलभर जागा. बायकोचं म्हणणं होतं की शेवभाजी करून लोकांना चाखायला द्यावी. मला ते फार साधं वाटलं. चव काय, कोणीही दाखवतं. मी शुद्धता दाखवणार होतो, सर्वांसमक्ष, शास्त्रीय पद्धतीने.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घरच्या घरी भेसळ ओळखायच्या सोप्या रीती सांगितल्या आहेत. त्यातली एक मी मोबाइलवर पाहिली होती: काचेच्या ग्लासात पाणी घ्या, वर मिरचीपूड भुरभुरा, विटेचा भुगा मिसळलेला असेल तर तो झटकन तळाला जाईल, कृत्रिम रंग असेल तर पाण्यात रंगाच्या रेघा उतरतील. मी स्वच्छ काचेचा उंच ग्लास आणला, टेबलावर पांढरं कापड घातलं आणि भाड्याचा माइक हातात घेतला. “या, या, स्वतः बघा! आमच्या मालात वीट असेल तर ती खाली बसेल!”

गर्दी जमली. नुकतंच जाऊळ काढलेली पोरं खांद्यावर घेऊन बाप उभे राहिले. प्रयोग सुरू व्हायच्या आधीच पाण्यावरून वाद निघाला. हे पाणी तापीचं की नकाण्याचं, की बोअरचं? आमच्याकडे नळाला पाणी दिवसांच्या अंतराने येतं, त्यामुळे पाण्याचा विषय निघाला की तो लवकर मिटत नाही. एकाने सांगितलं की त्याच्या भागात पाणी आलेलंच नाही, आणि इथे हा माणूस ग्लासात वाया घालवतोय. मी घाईघाईने चमचा भरला आणि मसाला पाण्यावर सोडला.

ती रीत नुसत्या लाल मिरचीच्या पुडीची होती, हे मी वाचलं नव्हतं. काळ्या मसाल्यात भाजलेले धने, कांदा, हळकुंड, खडे मसाले, टिकावा म्हणून घातलेलं मीठ. सगळं जड. ते एकदम, अगदी आज्ञाधारकपणे, तळाशी जाऊन बसलं. आणि भाजलेल्या खोबऱ्याचं तेल सुटून वर चकाकणारा तवंग धरला.

माझ्या हातातला माइक चालूच होता, त्यामुळे पुढचं वाक्य यात्राभर ऐकू गेलं. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या माउलीने ग्लास उचलून उन्हाकडे धरला आणि निर्वाळा दिला:

“खाले ईट शे, वर ऑइल शे!”

त्यानंतर मी खोबऱ्याच्या स्निग्धांशावर बोललो, घनतेवर बोललो, आणि लोक पाळण्याकडे गेले. एक जण मात्र थांबला. त्याला एक लाख हवे होते. त्याच्याकडे साक्षीदार होते, निम्मी यात्रा. त्याला समजावता समजावता संध्याकाळ झाली. शेवटी आई घरून डबा घेऊन आली, तिने त्याच्यापुढे भाकरी आणि शेवभाजी ठेवली, आणि तो जेवून, हात धुऊन, लाखाचं नाव न काढता निघून गेला. जाताना आईला म्हणाला, “काकू, हा मसाला कुठला?”

आता अगरबत्ती.

किराणा दुकानदार आमचा माल ‘ठेवून जा, विकला तर बघू’ या अटीवर घ्यायचे. फळीवरची चांगली जागा ओळखीच्या मालाला असते; नव्याला मिळते ती कोपऱ्यात, जिथे उदबत्त्या, कापूर आणि धुण्याची पावडर असते. माझी पाकिटं स्वस्तातली होती. लेबलावर इतका खर्च झाला होता की पाकिटाच्या जाडीवर कुठे तरी वाचवावं लागलं. उन्हाळ्यात मोगऱ्याची अगरबत्ती त्या पातळ पाकिटातून आत गेली. कोणाच्या तरी घरी पाहुण्यांना वाढलेल्या वांग्याच्या भाजीला मोगऱ्याचा वास आला. यजमानीणबाईंनी पाकीट उलटं केलं, चष्म्यातून तक्रारीचा नंबर शोधला आणि लावला.

आप्पांनी फोन उचलला. चाळीसगाव, साक्री, शिरपूर, नाशिक करत ज्यांचं आयुष्य एसटीच्या चौकशीत गेलं, ते ‘हॅलो’ म्हणत नाहीत.

“चौकशी!”

बाईंनी तक्रार सांगितली. आप्पांनी कुठल्या दुकानातून घेतला ते विचारलं आणि म्हणाले, “त्याने अगरबत्तीजवळ ठेवला असणार. पाकीटही पातळ आहे, मुलाने आणलंय. ते परत आणा, पैसे देतो. आत्ता येऊ नका, माझी झोपायची वेळ आहे. चारनंतर.”

बाई चारनंतर आल्या. आप्पांनी पैसे परत दिले, आईने कळशीतलं थंड पाणी दिलं आणि डब्यातला मसाला पुडीत बांधून दिला. आप्पांनी जुन्या वहीत रकाने आखले: दिनांक, वेळ, तक्रारीचे स्वरूप, केलेली कार्यवाही. शेवटच्या रकान्यात ‘निकाली’ लिहिलं आणि सही केली. मी म्हटलं, आप्पा, पाकीट पातळ आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं. ते म्हणाले, “गाडी नादुरुस्त असली तर सांगावंच लागतं. नाही तर माणसं फलाटावर बसून राहतात.”

त्यानंतर फोन वाढत गेले. मी ते शेजारच्या खोलीतून ऐकायचो आणि माझा जीव वर-खाली व्हायचा.

“हो, या खेपेला तिखट झालाय. मिरची मुलाने आणली. थोडं थांबा, पुढची त्याच्या आईने आणलीय.”

“एक लाख? नाहीत हो त्याच्याकडे. ते लेबल छापलं तेव्हा मला विचारलं नव्हतं.”

“बावन्न सालचा? नाही, नाही. माझ्या आईला मसाला जमायचा नाही. ही करते तो हिच्या माहेरचा, अमळनेरकडचा.”

“कधी मिळेल ते आत्ता सांगता यायचं नाही. लागला की पुकारू.”

ब्रँड उभा करायला मी जे जे केलं होतं, ते आप्पा दुपारी दोन ते चार सोडून दिवसभर पाडत होते. मी त्यांना ग्राहकाशी कसं बोलावं याचा कागद लिहून दिला. पहिलं वाक्य ‘आपला विश्वास, हीच आमची…’ असं काहीसं होतं. त्यांनी तो कागद वहीत घातला, आणि पाठकोऱ्या बाजूला रकाने आखले.

आणि विक्री वाढली. मी आधी त्याचं श्रेय नव्या रंगाच्या फ्लेक्सला दिलं. बायकोसमोर आलेख काढून दाखवला. तिने आलेख पाहिला, मग फोनवर बोलणाऱ्या आप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ती शाळेत निघून गेली. बायका आता दुकानातून पाकीट उचलण्याआधी आप्पांना विचारत. “आप्पा, या वेळचा घेऊ का?” आप्पा ‘घ्या’ म्हणाले तर घेत, ‘राहू द्या’ म्हणाले तर खरंच राहू देत, आणि पुढच्या खेपेला दुप्पट घेत. यात धंद्याचं कुठलं तत्त्व आहे ते माझ्या प्रशिक्षणाच्या वहीत सापडलं नाही. मी दोनदा पाहिलं.

मग बायका घरीच यायला लागल्या. त्या यात्रेतल्या माउलीही एकदा आल्या, नातीला बरोबर घेऊन. मी ओळखलं आणि आत गेलो. त्या ओट्यावर टेकल्या आणि आतल्या दिशेने हाक मारून मलाच म्हणाल्या, “तुनी माय करस का मसाला?”

मी हो म्हटलं.

“मंग दे. तू नको करू.”

पुढची पायरी आपोआप आली. एकीने स्वतःची मिरची आणून आईपुढे ठेवली: तुम्ही भाजून द्या, कांडायला मी नेते. दुसरीने ते ऐकलं. आता उन्हाळ्यात आमच्या अंगणात बायका रांगेने बसतात, आई कढईशी, आणि ज्या बाईची मिरची कढईत आहे ती बाई कढईवरची नजर काढत नाही. पाकीट कोणाला नको असतं, डबे घरून येतात. अर्ध्या नोकरदार आहेत, त्यांची मिरची आप्पा वहीत नोंदवून, पावती फाडून ठेवून घेतात. आज्याच्या जकातीच्या पावत्या आठवून जिभाऊंना त्याचं फार समाधान वाटतं. लेबलांचे गठ्ठे माळ्यावर आहेत. मुलगी त्यांची वह्यांना कव्हरं घालते, त्यामुळे तिच्या गणिताच्या वहीवरून आजी खांद्यावर झेंडू घेऊन हसत असते, आणि गुरुजींनी त्याबद्दल एकदा चिठ्ठी पाठवली आहे.

या सगळ्यात माझ्याकडे ब्रँडिंग आहे. म्हणजे देठ खुडणं.

परवा शिरपूरहून एका किराणा व्यापाऱ्याचा फोन आला. आप्पा फोन कानाला लावत नाहीत, समोर धरतात, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. त्याला दरमहा पोतंभर मसाला हवा होता. मी हातातली मिरची टाकून उभा राहिलो आणि खुणा करायला लागलो. आप्पांनी माझ्याकडे पाठ केली.

“शिरपूरला? का? तिथल्या बाया करत नाहीत का मसाला?”

“करतात काका, पण आताशा वेळ कोणाला आहे. तुमच्या मालाचं ऐकलंय.”

“पोतंभर जमायचं नाही. हिचे गुडघे दुखतात. दहा किलो.”

“बरं, दहा. पण माल शुद्ध ना? एक लाखाचं काही तरी आहे म्हणे पाकिटावर.”

“ते मुलाचं आहे. मसाला त्याच्या आईचा आहे.”

तिकडे थोडा वेळ हिशेब चालला असावा. “वीस धरा काका. पैसे आधी पाठवतो.”

“पैसे माल पाहून द्या. आणि वीस नाही, दहाच.”

आप्पांनी फोन ठेवला, वहीत वेळ टाकली, ‘निकाली’ लिहिलं आणि माझ्यापुढच्या सुपात वाकून पाहिलं.

“देठ राहताहेत,” ते म्हणाले. “नीट बघ.”